कार्यालय बोलत आहे

फोन उचलल्यावर ते कधीच स्वतःचं नाव सांगत नसत. "कार्यालय बोलत आहे," एवढंच म्हणत आणि थांबत. पलीकडून "पशुवैद्य संघटना का?" असं आलं की ते पशुवैद्यांचे होत. "आर्किटेक्ट असोसिएशन?" असं आलं की आर्किटेक्टांचे. आवाजसुद्धा बदलायचा. पशुवैद्यांशी मोकळाढाकळा, आर्किटेक्टांशी जरा नाकातून, आणि दातांच्या डॉक्टरांशी अगदी हळू, जणू दुखरी दाढ डॉक्टरांचीच आहे. रायपुरातल्या बऱ्याच शिकल्यासवरल्या मंडळींना त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना 'कार्यालयजी' म्हणत. सदर बाजारात भेटले तर चालत्या स्कूटरवरून "कार्यालयजी, नमस्ते" असं ओरडत आणि पुढे निघून जात. मी त्यांना काका म्हणायची.

त्यांचा धंदा काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. कॉलेज संपवून मी त्यांच्याकडे कामाला लागले, त्या दिवशी तिनं माझी उलटतपासणी घेतली.

"डॉक्टर हाये का तो?"

"नाही."

"मंग इंजिनिअर असन."

"नाही ग."

"मंग त्याच्या संघटना कशा?"

"त्यांच्या नाहीत. ते फक्त चालवतात."

"दुसऱ्याची गाडी चालवते त्याले डायवर म्हणते," आई म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

खरं सांगायचं तर आईचं फार चुकलं नव्हतं. डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट ही मंडळी संघटना काढतात मोठ्या हौसेनं. फीत कापतात, फोटो काढतात, शाली वाटतात. मग दोन महिन्यांनी प्रश्न येतो की सभेची नोटीस कोणी काढायची, सदस्यांचे पत्ते कोणी सांभाळायचे, मागच्या सभेत काय ठरलं ते कोणी लिहायचं. त्या वेळी सगळ्यांना एकदम आपापले पेशंट आणि साइटी आठवतात. अशा पोरक्या झालेल्या संघटना काका ठेक्यानं चालवायला घेत. बूढापाऱ्यात, सूटकेस दुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीवर, त्यांच्या चार संघटना सुखानं नांदत होत्या.

मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तू कोण्या संघटनेची सदस्य आहेस?"

"नाही."

"छान. होऊ पण नको. वाढप्यानं पंगतीत बसू नये."

हे त्यांचं आवडतं वाक्य. ते स्वतः कशाचेही सदस्य नव्हते. कॉलनीच्या गणेश मंडळाचे नाहीत, मराठी मंडळाचे नाहीत, वाचनालयाचेसुद्धा नाहीत. पुस्तक हवं असलं तर ते ग्रंथपालाच्या समोर उभं राहून वाचत. मला त्यांनी 'सहायक सचिव' केलं. चार संघटनांची एकटी सहायक सचिव, आणि झाडू मारणारीही मीच. चहा मात्र ते स्वतः करत, कारण चहा हा धोरणाचा विषय आहे असं त्यांचं मत होतं.

माडीवरच्या त्या लांबोळक्या खोलीत चार टेबलं होती, प्रत्येक संघटनेचं एक. पंखा मात्र एकच. तो पशुवैद्यांच्या टेबलावर होता, कारण ती संघटना सर्वात जुनी. आता रायपूरचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला मी वेगळं काही सांगायला नको. पण काका इंजिनिअरांचं काम इंजिनिअरांच्याच टेबलावर करत, घामानं निथळत, मानेभोवती ओला गमछा गुंडाळून.

"काका, पंख्याखाली बसा ना. टेबल काय, लाकूडच आहे."

"इंजिनिअरांचं काम पशुवैद्यांच्या हवेत? उद्या कोणी आक्षेप घेतला म्हणजे?"

"कोण घेणार आहे?"

"कोणी घेत नाही म्हणूनच आपल्याले घ्यावा लागते," ते म्हणाले आणि गमछा पिळून परत गुंडाळला.

दातांच्या डॉक्टरांच्या टेबलावर ते बिनसाखरेचा चहा पीत. तो त्यांना अजिबात आवडत नसे. म्हणून त्या संघटनेची पत्रं ते फार भरभर उरकत.

पण खरी गंमत आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांच्या भांडणात होती. घराच्या नकाशावर सही कोणाची चालावी यावरून त्या दोन संघटनांचं वाजलं. दोघांचंही कार्यालय म्हणजे काकाच. दोन्ही अध्यक्षांना हे माहीत होतं आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. आर्किटेक्टांच्या अध्यक्षांनी फोनवर सांगितलं, "जरा कड़क चिट्ठी लिख दीजिए कार्यालयजी." काकांनी आर्किटेक्टांच्या टेबलावर बसून इतकी कडक चिठ्ठी लिहिली की टाइप करताना माझेच कान गरम झाले. अध्यक्षांनी न वाचता सही ठोकली. मी पाकीट उचलून इंजिनिअरांच्या टेबलावर ठेवायला निघाले, हातभर तर अंतर, तर काका केवढ्यांदा ओरडले.

"हे काय करून राहिली तू? पत्र पोस्टानं जाते!"

ते स्वतः पोस्टात गेले, रजिस्टर करून आले. दोनतीन दिवसांनी पोस्टमन तेच पाकीट घेऊन आमचा जिना चढला. पाकिटाच्या दोन्ही बाजू वाचून तो म्हणाला, "भैया, ये तो आप ही ने भेजा है."

"भेजा उस टेबल ने है. लेगा ये टेबल. लाओ, कहाँ साइन करना है?"

मग इंजिनिअरांच्या खुर्चीत बसून त्यांनी पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि वाचायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग नाकपुड्या फुगल्या. मग त्यांनी कागद टेबलावर आपटला.

"पाह्य! पाह्य काय लिहून राहिले हे लोक! 'आपल्या सदस्यांस सौंदर्यदृष्टी असण्याची अपेक्षा नाही!' हे बोलणं झालं?"

"काका, तुम्हीच लिहिलंय ते."

"मी त्यांच्या बाजूनं लिहिलं. वाचून राहिलो यांच्या बाजूनं. बिचाऱ्यांनी पूल बांधले, त्यांचं काहीच नाही?"

त्यांना खरंच लागलं होतं. दुपारी ते जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी असं उत्तर लिहिलं की पुन्हा माझे कान गरम झाले. तेही पोस्टानं गेलं, पोस्टानं आलं आणि आर्किटेक्टांच्या टेबलावर नव्यानं अपमान झाला. पावसाळाभर हे चाललं. शेवटी काकांनीच दोन्ही बाजूंनी समेटाचा प्रस्ताव ठेवला, दोन्ही बाजूंनी तो जरा आढेवेढे घेऊन स्वीकारला आणि तेलीबांध्याच्या एका हॉटेलात दोन्ही कार्यकारिणींचं जेवण ठरलं. तिथे अध्यक्ष एकमेकांना भेटले ते मिठ्या मारतच. लहानपणी एकाच शाळेत होते म्हणे. भांडण होतं हे दोघांनाही नीटसं आठवत नव्हतं. काका मात्र भिंतीशी उभे राहून डोळे पुसत होते. मला म्हणाले, "बरं झालं मिटलं. मले तं वाटलं होतं कोर्टात जाते." वाढप्यानं पंगतीत बसू नये, म्हणून त्या रात्री ते घरी जाऊन वरणभात जेवले.

चारही संघटनांत त्यांचा जीव पशुवैद्यांवर. त्याला कारण होतं. तरुणपणी ते स्वतः पशुवैद्यक कॉलेजात होते. पण तिथे मेसच्या कमिटीचे सचिव झाले आणि नोटिसा, सभा, ठराव यांत असे रमले की शरीरशास्त्रात नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले. गाईला चार पोटं असतात की एकाच पोटाचे चार कप्पे, यावर तोंडी परीक्षेत त्यांनी 'सभासदांची मतं घ्यावी लागतील' असं उत्तर दिलं होतं, अशी दंतकथा होती. काका ती नाकारत नसत. कॉलेज सुटलं. पुढे त्यांच्या वर्गमित्रांनी संघटना काढली तेव्हा तिचं कार्यालय चालवायला त्यांनाच बोलावलं. जी मंडळी आपण व्हायचं राहून गेलो, त्यांना दरवर्षी एका हॉलमध्ये गोळा करायचं, याच्यात त्यांना काय आनंद मिळे ते मला तेव्हा समजत नसे. आता थोडं समजतं.

व्यवहाराच्या बाजूनंही माडी उभी होती ती पशुवैद्यांच्या जोरावर. ती संघटना मोठी, बाकीच्या तीन लहान. पशुवैद्य गेले तर माडीचं भाडं जाणार, माझी नोकरी जाणार आणि काकांना सकाळी उठून जायला जागा उरणार नाही, हे आम्हा दोघांनाही स्वच्छ ठाऊक होतं.

काकांची खरी विद्या म्हणजे कोरम. सभा कायदेशीर ठरायला ठरावीक संख्येनं सदस्य हजर लागतात, आणि रविवारी दुपारी शिकलेल्या माणसाला घराबाहेर काढणं हे मांजराला पाण्यात उतरवण्याइतकं अवघड. इतर संघटना कोरमसाठी आधी नाश्ता द्यायच्या. लोक खाऊन पसार व्हायचे. काका पोहे-जलेबी कुलपात ठेवत आणि ठराव झाल्यावरच कुलूप काढत. वास तेवढा हॉलभर सोडत. शिवाय सभा सुरू झाली की आपली स्कूटर ते फाटकात आडवी लावत, म्हणजे कोणाची कार बाहेर निघू नये. प्रत्येक सदस्याची सबब त्यांना पाठ होती. "गाय अडली असन तं मान्य. साळ्याचं लग्न असन तं अमान्य, साळ्याचं लग्न तुमच्यावाचून लागते."

संख्येच्या बाबतीत मात्र ते देवाचंही ऐकत नसत. एकदा वार्षिक सभेत एका अध्यक्षांनी सुचवलं की दोनचार जण कमी आहेत, त्यांच्या सह्या नंतर घेऊ, सभा झाली म्हणू. काकांनी उभ्या उभ्या माइकवरून सभा रद्द जाहीर केली, पोहे कुलपातच ठेवले आणि फाटकातली स्कूटर काढून घेतली. "जो बसला नाही तो बसला म्हणायचं? मंग संघटना कशाले पाहिजे, तुम्ही एकटेच बसून घ्या." ते अध्यक्ष वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

तर अशा माणसावर एक दिवस कंपनी आली. पशुवैद्यांचे नवे अध्यक्ष तरुण होते, नव्या रायपूरकडे त्यांचा कुत्र्यामांजरांचा झकास दवाखाना होता. माणूस वाईट नव्हता. बाहेरच्या राज्यातली एक कंपनी मोबाइलवर सगळ्या संघटना चालवते, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. नोटीस मोबाइलवर, सदस्यत्व मोबाइलवर, प्रमाणपत्र मोबाइलवर. अध्यक्ष माडीवर आले, बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि मग म्हणाले, "कार्यालयजी, एक विशेष सभा बुलानी है. विषय मैंने लिख दिया है. आप नोटिस निकाल दीजिए."

त्यांनी बिचाऱ्यांनी लिहिलं होतं, 'कार्यालयीन व्यवस्थेबाबत विचारविनिमय'. काकांनी ते वाचलं आणि मान हलवली.

"ये नहीं चलेगा साहब. गोलमोल है. कल कोई चैलेंज कर देगा." असं म्हणून त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं, "'विद्यमान व्यवस्थापकास कामातून मुक्त करून संघटनेचे सर्व कामकाज कंपनीकडे सोपविणे.' मुक्त करून, असंच लिही, सहायक सचिव. 'सेवा थांबवून' लिहिलं तं वाद निघते."

अध्यक्षांचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा झाला. ते गेल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "काका, त्यांना तुम्हाला काढायचंय, आणि तुम्हीच त्यांना ठराव पक्का करून देताय?"

"काढायचं आहे तं नीट काढावं. अर्धवट काढलेला माणूस कोण्याच कामाचा राहत नाही."

मला एकच आशा होती, कोरमची. पशुवैद्यांची नियमावली काकांनीच तरुणपणी लिहिलेली. महिन्याच्या साध्या सभेला माणसं कमी पडली तर अर्धा तास थांबून उरलेल्यांत उरकायची सोय होती. वार्षिक आणि विशेष सभेला ती नव्हती. कोरम भरला नाही तर सभा रद्द, आणि तो विषय वर्षभर पुन्हा आणता येणार नाही. सभा लग्नसराईतल्या रविवारी दुपारी. काकांनी नुसते हात जोडून बसायचं होतं. त्यांनी फोन केले नाहीत तर कोणी कुत्रं फिरकणार नव्हतं.

त्यांनी फोन केले. पशुवैद्यांच्या टेबलावर, पंख्याखाली बसून, सकाळपासून एकेकाला. "कार्यालय बोलत आहे. रविवारी सभा आहे. होय, मले काढायची. नाही, साळ्याचं लग्न चालणार नाही."

मी म्हटलं, "काका, निदान हे फोन तरी नका करू."

"मी व्यवस्थापक आहे ना अजून?"

"हो."

"मंग सभा भरवणं कोणाचं काम आहे?"

मला राग मात्र भरपूर आला. वाटलं, या माणसाला धरून गदागदा हलवावं.

रविवार उजाडला. हॉल बूढापाऱ्यातच होता. लोक आले, कारण काकांनी बोलावल्यावर न येण्याची कोणाला सवयच राहिली नव्हती. काका दाराशी उभे राहून डोकी मोजत होते. सभेची वेळ झाली आणि माझ्या मनात लाडू फुटला. एक माणूस कमी होता, एकच. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. "थोड़ी देर देख लेते हैं, नहीं तो कैंसल," ते म्हणाले, आणि खोटं कशाला सांगू, त्यांनाही सुटल्यासारखं वाटत होतं.

"काका, झालं," मी कुजबुजले. "आता काही करू नका. तुम्हाला माझी शपथ."

काकांनी स्कूटरची किल्ली काढली. "सरांले घेऊन येतो."

सर म्हणजे संघटनेचे सर्वात जुने सदस्य, ऐंशीच्या पुढचे. कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचे. काकांना दोन्ही वेळा नापास केलं ते यांनीच. तेलीबांध्याला तळ्याकाठच्या नव्या इमारतीत मुलगा-सुनेबरोबर राहत होते. काकांना अडवायचं म्हणून मी माझी स्कूटी काढून मागे निघाले, पण त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा सिग्नल तोडला असावा. मी पोचले तेव्हा सर बनियनवर पलंगाच्या काठाला बसले होते आणि काका त्यांच्यासमोर हात बांधून उभे होते, तोंडी परीक्षेला उभे असल्यासारखे.

"जेवण झालं माझं. मी आता झोपतो," सर म्हणत होते.

"सर, एक कमी आहे."

"कशाले आहे सभा?"

"मले काढायले."

सरांनी चष्मा लावून त्यांच्याकडे बघितलं. "आणि मी नाही आलो तं?"

"तं सभा रद्द. मले वर्षभर काढता येत नाही."

"मंग मी आलो काहून पाहिजे तुले? अक्कल आहे का तुले काही?"

"सर, सगळे आले आहेत. कामं सोडून आले. एका माणसासाठी सगळ्यांले परत पाठवू? आजवर एका माणसापायी माझी सभा मोडली नाही."

सर माझ्याकडे वळले. "हा कॉलेजातही असाच होता. उत्तर येत नाही, पण वर्गात हजर." मग कुरकुरत सदरा चढवला. "माझी झोप मोडली तू. ध्यानात ठेवजो."

काकांच्या स्कूटरवर मागे बसून सर आले. कोरम पूर्ण झाला. काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की अनोळखी माणसाला वाटावं, यांचा सत्कार आहे.

मतदानाच्या वेळी सदस्य नसलेल्यांनी बाहेर जायचं असतं. काका आणि मी मागच्या बाजूला पोह्यांच्या पातेल्याशी उभे राहिलो. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मी मनात देवाचा धावा करत होते आणि काका जलेबी मऊ पडली म्हणून हळहळत होते. थोड्या वेळानं दार उघडलं आणि सगळ्यात आधी सर बाहेर आले.

"मंजूर झाला," ते म्हणाले. "एका मतानं. दोन्हीकडे सारखे हात होते. मंग मी वर केला."

"कोणत्या बाजूनं?" मी विचारलं.

"याले काढायच्या."

मी ओरडलेच. "सर! काहून?"

"अध्यक्षानं विचारलं, जुन्या व्यवस्थेत काय खराबी आहे, कोणाले बोलायचं आहे का. मी म्हटलं, जी व्यवस्था ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याले रविवारी दुपारी पलंगावरून उचलून आणते, ते बंद झाली पाहिजे." सर काकांकडे वळले. आवाज जरा खाली आला. "तिसऱ्यांदा नापास केलं न मी तुले?"

काका म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे सर. इतिवृत्तात घेतो." आणि पोह्यांचं कुलूप काढलं. पहिली प्लेट सरांना दिली.

मला त्या दिवशी दोघांचाही संताप आला. मी पोहे न खाता घरी गेले आणि आईपुढे बसून रडले. आई म्हणाली, "डायवरले काढलं तं गाडीवाल्याचं नुकसान होते. तू कायले रडतं?"

पशुवैद्यांचं टेबल रिकामं झालं. काका त्या टेबलाला हात लावत नसत, त्याच्या पंख्याखाली उभेही राहत नसत. उरलेल्या तीन संघटनांत माडीचं भाडं जेमतेम निघे. मी दुसरीकडे नोकरी शोधायला लागले. काका सकाळी वेळेवर येत आणि फोनकडे बघत बसत. दातांच्या डॉक्टरांना ते आता इतकी मोठी पत्रं लिहीत की बिनसाखरेचा चहा दोनदा घ्यावा लागे. मला ते बघवत नसे.

मग कंपनीचा फोन आला. वार्षिक सभा दोनदा बोलावली होती, मोबाइलवर नोटिसा गेल्या होत्या, सगळ्यांनी त्यावर अंगठे दाखवले होते आणि हॉलमध्ये अध्यक्ष एकटे बसले होते. आता सभा झाली नाही तर संघटनेची नोंदणीच धोक्यात. कंपनीचा मुलगा गयावया करत होता, "सर, रायपुर का कोरम क्या आप कर देंगे? आउटसोर्स पे?"

काकांनी लेखी पत्र मागवलं, पोस्टानं. ते आल्यावर पशुवैद्यांच्या टेबलावरची धूळ पुसली, पंखा लावला आणि फोन उचलला. "कार्यालय बोलत आहे. कंपनीतर्फे." ज्यांनी ठेका काढून घेतला त्यांच्याचकडून ठेका मिळालेला मी पाहिलेला हा एकमेव माणूस. आई ऐकून म्हणाली, "म्हणजे आता डायवरचा डायवर."

सभेच्या दिवशी वेळेच्या आधीच हॉल गच्च भरला. जास्तीच्या खुर्च्या मागवाव्या लागल्या. साळ्याची लग्नं सोडून लोक आले होते. काकांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली आणि अध्यक्षांना सांगितलं, "कोरम पूर्ण. वरून जास्त आहेत." मग स्कूटरची किल्ली काढली.

"आता कुठे?" मी विचारलं.

"चाल माझ्यासंगं," एवढंच म्हणाले.

तेलीबांध्याला सरांच्या सुनेनं दार उघडलं. "अच्छा हुआ आप आ गए भैया," ती म्हणाली. "कल आपका फोन आया, तब से रट लगाए हैं. सुबह से जूते पहनके बैठे हैं. मोबाइल वाली मीटिंग का तो इनको पता ही नहीं चलता था."

सर बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, बूट, हातात काठी. पलंगावरची चादर सकाळी घातली तशीच होती, तिच्यावर एक सुरकुतीही नव्हती.

"उशीर केला," सर म्हणाले. "सभा उरकली असन तं सांग, बूट काढतो."

"नाही सर."

"त्या दिवसापासून कोणी बोलवायलेच आलं नाही रे. भल्ली झोप झाली माझी." ते थोडा वेळ काठीकडे बघत राहिले. "माझ्यावाचून तं भरला असन ना कोरम?"

काकांनी हात बांधले.

"नाही सर," ते म्हणाले. "एक कमी आहे."

सर काठी टेकून उठायला लागले. मी पुढे होऊन त्यांचा दुसरा हात धरला.